पेढ्यांचा पुडा टेबलावर आला की फॉर्मही बाहेर काढा

कारखान्यांच्या आस्थापना विभागांत, टाइम ऑफिसात आणि एचआरमध्ये बसणाऱ्या माझ्या बहिणी-भावांना,

सप्रेम नमस्कार.

मी ३१ वर्षं तुमच्याच खुर्चीवर होते. वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातला. हजेरी, रजा, ईएसआय, पीएफ, शेवटी फुल अँड फायनल. माणूस गेटातून पहिल्यांदा आत आला की त्याचा कागद आपल्या हातात येतो आणि तो कायमचा बाहेर पडला की शेवटचा कागदही आपल्याच हातून जातो. मधल्या वर्षांत त्याचं लग्न होतं, मुलं होतात, कधी संसार मोडतो. त्यातलं काहीही आपल्यापासून लपत नाही. लग्नाची रजा आपण मंजुरीला पाठवतो, पेढ्यांचा पुडा पहिला आपल्या टेबलावर येतो, आणि नवरा-बायकोचं फाटलं की लाइनवरच्या कुजबुजीतून तेही आपल्याला कळतंच. कळत नाही ते फक्त पीएफच्या कागदाला. त्याबद्दलच हे पत्र आहे.

माझ्या हातून घडलेल्या एका चुकीपासून सुरुवात करते.

वेल्डिंग लाइनवर एक मुलगा लागला होता. बीडकडचा, वय २१. भरतीच्या दिवशी आपण कसे एकामागून एक फॉर्म पुढे सरकवतो तुम्हाला ठाऊक आहे. त्यात फॉर्म २ होता, म्हणजे आपल्यामागे पीएफ-पेन्शन कुणाला द्यायचं त्याचा. 'नॉमिनी कोण?' मी विचारलं. 'आईचं नाव टाका, मॅडम.' आई, १०० टक्के. सही. पुढचा. चार वर्षांनी तो पेढे घेऊन आला. मी पेढा खाल्ला, आठ दिवसांची रजा लिहून घेतली, बाईकडे नीट बघ म्हणाले. फॉर्मचं नाव काढलं नाही. आणखी पाच वर्षांनी नाशिक फाट्याजवळ त्याच्या मोटारसायकलला ट्रकने उडवलं.

तेराव्यानंतर दोघी आल्या. आई आणि बायको. आमच्या ऑफिसबाहेर एक लोखंडी बाक होता, त्याच्या दोन टोकांना दोघी बसल्या, मधे प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड आणि मृत्यूचा दाखला. आईने मला एवढंच विचारलं, 'पोरानं माझंच नाव दिलं होतं ना?' दिलं होतं. फाइलमध्ये होतंही. पण पीएफच्या योजनेत स्पष्ट लिहिलंय की, कुटुंब नसताना केलेलं नॉमिनेशन कुटुंब झालं की तिथल्या तिथे रद्द होतं आणि सभासदाने नवीन करायचं असतं. तो आईला खर्चाला पैसे पाठवायचा, म्हणजे आई कुटुंबातलीच. त्यामुळे ते नाव टिकेल अशी तिची आणि थोडी माझीही समजूत. पण लग्नाआधीच्या त्या एका ओळीवरून अर्ज कुणी करायचा, पैसा कसा वाटायचा, यावर तिढा पडला तो पडलाच. वैध नॉमिनेशन नसेल तर पीएफची रक्कम कुटुंबातल्या पात्र माणसांत सारखी वाटली जाते. आई, बायको, दोन लहान मुलं: चार वाटे. शंभर टक्क्यांच्या भरवशावर आलेल्या आईच्या वाट्याला पाव हिस्सा. सुनेने आपलं हिसकावलं असं ती गावभर सांगत राहिली. सुनेने काहीच हिसकावलं नव्हतं. लग्नाच्या रजेच्या अर्जाबरोबर मी एक कोरा फॉर्म २ पुढे केला असता, तर त्याने स्वतःच्या हाताने आईला किती आणि बायकोला किती ते लिहिलं असतं, आणि त्या दोघी एका बाकाच्या एका टोकाला बसल्या असत्या.

तेव्हापासून मी तो फॉर्म रजेच्या अर्जाला टाचूनच द्यायला लागले. आता ई-नॉमिनेशन आलंय, आधार आणि फोटो जोडला की मोबाइलवर होतं. सोय चांगली आहे. पण मोबाइल त्याला स्वतःहून विचारत नाही की बाबा, तुझं लग्न झालं का. ते आपण विचारायचं.

आता पेन्शनचं. लोक पीएफ आणि पेन्शन एकच समजतात. आपल्यातलेही काही जण समजतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मालक पगाराच्या जे १२ टक्के भरतो त्यांतले ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात, तेही १५,००० रुपयांच्या मर्यादेवर, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. सरकार वर १.१६ टक्के घालतं. ही कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची. त्याआधी १९७१ ची फॅमिली पेन्शन होती. मला तो बदल आठवतो, रजिस्टरं नव्याने आखली होती आम्ही. फॉर्म २ चे दोन भाग आहेत ते याचसाठी. भाग 'अ' पीएफचा, तिथे नॉमिनी निवडता येतो. भाग 'ब' पेन्शनचा, तिथे निवड नाही. लग्न झालेल्या माणसाने तिथे फक्त बायको किंवा नवरा आणि मुलांची नावं, जन्मतारखा लिहायच्या. लग्न न झालेल्याला एखादं नाव देता येतं, पण लग्नाबरोबर तेही बाद. म्हणजे पेन्शन कुणाला मिळणार हे माणसाच्या मनावर नसतं, त्याच्या संसाराच्या कायदेशीर स्थितीवर असतं.

रक्कम फार नसते, हे खरं. नोकरीत असताना माणूस गेला तर एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला पेन्शन लागू होते. पेन्शन घेत असताना गेला तर निम्मी. दोन्हीकडे किमान १,००० रुपये. त्याशिवाय दोन मुलांपर्यंत प्रत्येकी विधवा पेन्शनच्या २५ टक्के, वयाच्या २५ वर्षांपर्यंत. ज्या घरात दुसरं काहीच येत नाही तिथे या आकड्यांवर महिन्याचं तेल-मीठ ठरतं. 'एवढ्याशा पैशासाठी कशाला धावपळ' असं कुणी म्हटलं की मला राग येतो तो यामुळे.

मोडलेल्या संसारांकडे येते. इथे आपण सगळ्यांत जास्त गप्प बसतो, कारण विषय खासगी वाटतो.

आमच्याकडे मशीन शॉपला एक जण होते, वयाने मोठे, शिस्तीचे. बायको ११ वर्षं माहेरी. कोर्टकचेरी काही नाही, सोडचिठ्ठी नाही, 'ती तिच्या घरी, मी माझ्या घरी' एवढंच. दुसरी बाई घरात आली, तिने त्यांचा डबा केला, आजारपण काढलं. फॉर्मवर 'पत्नी' म्हणून त्यांनी तिचं नाव लिहिलं आणि आमच्या विभागाने प्रश्न न विचारता पुढे पाठवलं. ते गेल्यावर माहेरची आली, हातात लग्नपत्रिका आणि देवस्थानाची पावती. पहिलं लग्न कायद्याने उभं असताना केलेलं दुसरं हिंदू विवाह कायद्यात, म्हणजे १९५५ च्या कायद्यात, शून्य असतं. वेगळं राहण्याने लग्न संपत नाही, ११ वर्षांनीही नाही आणि ३० वर्षांनीही नाही. जिने डबा केला तिच्या हाती काही लागलं नाही. तिच्या मुलाला मात्र कायदा औरस मानतो, आणि हे तिला सांगायला तिथे कुणीतरी असायला हवं होतं. मी त्यांना जिवंतपणी एवढंच विचारायला हवं होतं: काका, कोर्टाचा कागद आहे का?

उलट बाजूही सांगते. कागद झाला की त्या दिवशी सगळं संपतं, आणि तेही कुणी सांगत नाही. एक मुलगी परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा मसुदा घेऊन माझ्याकडे आली होती. नवरा आमच्याच कारखान्यात, म्हणून पगाराची स्लिप मागायला. मी मसुदा वाचला. भांड्यांची यादी दीड पान. स्टीलचा पिंप, तांब्याचा बंब, मिक्सर, मंगळसूत्राच्या वाट्या वजनासकट. दुचाकी कुणाची तेही होतं. पीएफ, ग्रॅच्युइटी, पेन्शन, यांतला एक शब्द नव्हता. नऊ वर्षांचा संसार, नऊ वर्षं तिने घर सांभाळलं म्हणून तो तीन-तीन पाळ्या करू शकला, आणि त्या नऊ वर्षांत त्याच्या खात्यात जे साठलं त्यावर कुणाची नजरही गेली नव्हती, वकिलाचीसुद्धा. घटस्फोट झालेली बायको उद्या त्याची विधवा ठरत नाही. पेन्शन मिळायची ती मुलांना, आणि त्याने पुन्हा लग्न केलं असेल तर त्या नव्या बायकोला.

ब्रिटनमध्ये १ डिसेंबर २००० पासून घटस्फोटाच्या वेळी कोर्ट पेन्शनचाच वाटा तोडून दुसऱ्या जोडीदाराच्या नावावर करून देऊ शकतं. जर्मनीत संसाराच्या वर्षांत दोघांनी कमावलेल्या पेन्शनची वाटणी १९७७ पासून आहे. आपल्याकडे पीएफ-पेन्शनचं खातं असं दोघांत फोडायची सोयच नाही. पोटगी ठरवताना नवऱ्याचं उत्पन्न आणि मालमत्ता कोर्ट बघतं, पण ते बघण्यासाठी आधी कुणीतरी तो आकडा पुढे ठेवायला हवा. त्या मुलीला मी म्हटलं, वकिलाला सांग, पीएफच्या शिलकीचा आकडा मागवा, ग्रॅच्युइटीचा हिशोब धरा आणि त्या बदल्यातली रक्कम समझोत्यात लिहून घ्या. तिने तसं केलं. तिला किती मिळालं ते मी विचारलं नाही. पण कागदावर ती ओळ आली.

आणि त्याला, नवऱ्याला, मी काय सांगितलं? की मुलीचं नाव भाग 'ब' मधून काढू नकोस. घटस्फोट बायकोशी होतो, मुलीशी होत नाही. तो थोडा रागावला होता त्या दिवशी. नाव मात्र राहिलं.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट फार कमी जणांना माहीत आहे, आणि ती जास्तीत जास्त जणींपर्यंत तुमच्यामार्फत जावी अशी माझी इच्छा आहे. पीएफ योजनेत 'कुटुंबा'ची व्याख्या पुरुष सभासदाला वेगळी आणि स्त्री सभासदाला वेगळी आहे. पुरुषाला बायकोला वगळायचं असेल तर तिचा पोटगीचा हक्क संपलाय हे सिद्ध करावं लागतं. स्त्रीला नवऱ्याला वगळायचं असेल तर तिने पीएफ आयुक्तांना लेखी कळवलं की पुरे. पॅकिंगला एक बाई होती, नवरा पगाराच्या दिवशी गेटवर उभा राहायचा. डोळ्याखाली काळं-निळं घेऊन ती पाळीला यायची. तिला ही गोष्ट सांगितली तेव्हा तिचा विश्वास बसेना. 'कोर्टात न जाता?' कोर्टात न जाता. माझ्याच पेनाने, माझ्याच टेबलावर तिने चार ओळी लिहिल्या आणि मुलीला नॉमिनी केलं. सही करताना तिने एकदा दाराकडे बघितलं होतं. हे पीएफचं झालं. पेन्शनच्या योजनेत नवरा हा नवराच राहतो. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बायकांना जानेवारी २०२४ मधल्या परिपत्रकाने ती सवलतही मिळाली आहे. घटस्फोटाचा दावा किंवा कौटुंबिक हिंसाचाराची केस चालू असेल, तर नवऱ्याच्या आधी मुलांना कुटुंब निवृत्तिवेतन द्या अशी विनंती त्या करू शकतात. कारखान्यात बारा तास उभी राहणारी बाई त्याहून कमी पात्र आहे का? पीएफच्या विश्वस्त मंडळाने हे मनावर घ्यावं. कामगार संघटनांच्या पुढाऱ्यांनी पुढच्या निवेदनात हा एक मुद्दा घालावा.

विधवेच्या पुनर्विवाहाचंही असंच अर्धवट सांगितलं जातं. पुन्हा लग्न केलं की तिची पेन्शन थांबते, म्हणून दरवर्षी पुनर्विवाह न केल्याचा दाखला मागतात. एवढं सगळ्यांना माहीत असतं. मुलांचं काय, ते माहीत नसतं. आईची पेन्शन थांबल्यावर मुलांची २५ टक्क्यांवरून ७५ टक्के होते, अनाथ पेन्शनच्या दराने. २३ वर्षांच्या पोरीने मुलांचं बंद होईल या भीतीने लग्न नाकारावं, किंवा लग्न करून लपवावं आणि पुढे वसुलीच्या नोटिशीने घाबरावं, असं व्हायचं काहीएक कारण नाही. तिला दोन्ही आकडे सांगा. पुढचं तिचं ती ठरवेल.

आता ज्या गोष्टीने मला हे पत्र लिहायला बसवलं ती.

मागच्या दिवाळीत एक बाई मला भाजी मंडईत भेटली. असेंब्ली लाइनवर होती पूर्वी, मी तिला १९ वर्षांची असल्यापासून ओळखते. सात वर्षं नोकरी करून लग्नासाठी तिने राजीनामा दिला होता. त्या काळी लग्नासाठी नोकरी सोडणाऱ्या मुलीला पीएफ काढायला दोन महिने थांबावंही लागायचं नाही, आणि आम्ही ते कौतुकाने करून द्यायचो: हळदीला पैसे हातात. पीएफबरोबर १०-सी भरून पेन्शनचे पैसेही काढून द्यायचो. सगळ्यांचेच. मुली खूश, घरचे खूश. सोन्याची एखादी वाटी जास्त व्हायची.

तिचा संसार टिकला नाही. मूल घेऊन परत आली, दुसऱ्या एका कंपनीत लागली. कागदावर नावांचा गोंधळ. आपल्याकडे लग्नात नुसतं आडनाव बदलत नाही, काही घरांत तांदळात अंगठीने नवं पहिलं नावही लिहितात. युएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरावर, माहेरचं नाव, आधारवर सासरचं, घटस्फोटाच्या निकालात 'ऊर्फ' घालून दोन्ही. संयुक्त घोषणापत्र, राजपत्रातली जाहिरात, शाळेचा दाखला, असं करत ते जुळवायला तिचे कितीतरी खाडे पडले. नावं जुळली. मग तिने पेन्शनची सेवा बघितली आणि मला मंडईत थांबवून विचारलं,

'ताई, ती सात वर्षं कुठं गेली?'

नव्या कंपनीत तिची सहा वर्षं झाली आहेत आणि गुडघ्यांमुळे आता ती फार काळ उभी राहू शकत नाही. सहा आणि सात तेरा. पेन्शनला दहा वर्षं लागतात. ढोबळमानाने सगळ्या वर्षांना १५,००० रुपयेच पगार धरला, त्याला तेराने गुणलं आणि सत्तरने भागलं, तर महिन्याला सुमारे २,७८५ रुपये होतात, ५८ व्या वर्षापासून मरेपर्यंत, आणि मागे मूल २५ च्या आत असेल तर त्यालाही काही. सहा वर्षांचे होतात शून्य. ती सात वर्षं मी काढून दिली होती. माझ्या अक्षरातला १०-सी आहे तो. त्याच १०-सी वर दुसऱ्या रकान्यात खूण केली असती तर पैशाऐवजी स्कीम सर्टिफिकेट मिळालं असतं, एक साधा कागद, ज्यावर तिची सात वर्षं लिहिलेली राहिली असती आणि नव्या नोकरीत जोडता आली असती. रकाना तिथेच होता. मी तिला विचारलंच नाही, कारण मुलगी लग्न करून चालली म्हणजे तिला पेन्शन कशाला, असं मलाही तेव्हा वाटत होतं. नवऱ्याची असेल की तिला.

तिला मी मंडईत खरं सांगितलं. ती रागावली नाही. 'तेव्हा कुणाला काय माहीत' म्हणाली आणि मेथीची जुडी पिशवीत टाकली. मला मात्र रात्री झोप लागली नाही.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे, आणि त्यासाठी कंपनीची मंजुरी लागत नाही की बजेट लागत नाही. लग्नाच्या रजेचा अर्ज आला की नॉमिनेशन बदलायला लावा, आपल्या समोर बसवून, मोबाइलवर. लग्नासाठी नोकरी सोडणाऱ्या प्रत्येक मुलीला स्कीम सर्टिफिकेट म्हणजे काय ते तिच्या आईच्या देखत सांगा, कारण निर्णय बऱ्याचदा आई घेते. नाव बदलणार असेल तर आधार बदलायच्या आधी युएएनचं काय ते बोलून घ्या. वेगळं राहत असल्याचं कानावर आलं, तर चौकशी नको, उपदेश नको. दार लावून एकदा विचारा की कागदावर काय आहे आणि काय असायला हवं. कंत्राटी कामगारांना वगळू नका. त्यांचा ठेकेदार बदलतो, फॉर्म प्रत्येक वेळी नवा भरला जातो आणि भाग 'ब' बहुतेक वेळा कोराच राहतो.

आणि ज्यांच्या जुन्या फाइली तुमच्या कपाटात आहेत, त्यांतल्या 'आई, १०० टक्के' लिहिलेल्या तेवढ्या या आठवड्यात बाजूला काढा. त्यातल्या बऱ्याच जणांचे पेढे तुम्ही खाल्लेले असतील.

तुमची,
आस्थापना विभागातून निवृत्त झालेली एक ताई
पिंपरी-चिंचवड